गृहस्वयंचलनातील स्थानिक ड्रायव्हर : एका स्थलांतराचा विचार

भिंतीवरचे बिनतारी बटण दाबताच त्याच खोलीतील दिवा लागतो. या साध्या घटनेमागे आज्ञेने किती प्रवास केला, हे दिव्याकडे पाहून कळत नाही. ती घरातल्या घरात फिरलेली असेल, किंवा इंटरनेटवरून दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परतलेली असेल. सॅमसंगच्या स्मार्टथिंग्ज या व्यवस्थेत सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने सुरू झालेले स्थलांतर म्हणजे या आज्ञेची वाट बदलण्याचा प्रयत्न होय. वरवर पाहता ही केवळ आज्ञावलींची अदलाबदल आहे. वस्तुतः घरासंबंधीचा निर्णय कोठे घेतला जावा, हा तिच्यातील मूळ प्रश्न आहे.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी हब नावाचे लहानसे यंत्र असते. झिगबी आणि झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतींनी ते दिवे, कुलुपे, तापमापके इत्यादींशी संबंध ठेवते. तथापि यंत्रांचे संदेश सांकेतिक असतात. झिगबी पद्धतीचा तापमापक २६·५ अंश सेल्सिअस हे तापमान २६५० या अंकाने कळवितो, कारण तेथील एकक अंशाचा शंभरावा भाग हे आहे. या अंकाचा अर्थ लावणे, तसेच गृहस्थाच्या इच्छेचे यंत्राला समजेल अशा संदेशात रूपांतर करणे, हे ड्रायव्हरचे कार्य. तो एक प्रकारचा दुभाषाच होय.

जुन्या रचनेत हा दुभाषा बहुधा घराबाहेर बसलेला असे. ग्रूव्ही भाषेत लिहिलेल्या आज्ञावली कंपनीच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडमध्ये, चालत. कंपनीच्या स्वतःच्या काही आज्ञावली हबवर चालत असत. परंतु वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या आज्ञावलींना ती सवलत नव्हती. परिणामी इंटरनेट खंडित झाले की बटण, हब व दिवा ही तिन्ही धडधाकट असूनही दिवा लागत नसे.

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘एज’ रचनेत ड्रायव्हर हबवरच चालतो. त्यासाठी लुआ ही भाषा निवडली गेली. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये निर्माण झालेली ही भाषा आटोपशीर असून अल्प स्मृतीच्या यंत्रातही सामावते. ग्रूव्हीला जावाचे आभासी यंत्र लागते. हबसारख्या लहान साधनावर तो भार पेलणे कठीण. भाषाबदलाचे कारण अशा रीतीने स्थानबदलातच आहे.

कोणत्या यंत्राला कोणता ड्रायव्हर द्यावयाचा, हे हब ‘बोटांच्या ठशां’वरून ठरवितो. झिगबी यंत्र आपल्या उत्पादकाचे व नमुन्याचे नाव सांगते. झेड-वेव्ह यंत्र उत्पादक, प्रकार व वस्तू यांचे तीन क्रमांक देते. ठसा जुळल्यास नेमका ड्रायव्हर मिळतो. न जुळल्यास सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागवावे लागते. अशा वेळी दिवा लागतो व विझतो; मात्र उत्पादकाने दिलेले एखादे खास वैशिष्ट्य लुप्त होते.

स्थलांतरातील खरा नाजूक भाग यंत्राच्या ओळखीचा आहे. प्रत्येक यंत्राला व्यवस्थेत एक ओळखक्रमांक असतो आणि ‘दार उघडताच दिवा लावावा’ यांसारखे नियम त्या क्रमांकाशी बांधलेले असतात. यंत्र जागेवर ठेवून केवळ ड्रायव्हर बदलल्यास क्रमांक टिकतो. याउलट यंत्र काढून पुन्हा जोडल्यास तेच यंत्र व्यवस्थेच्या दृष्टीने नवे ठरते व जुने नियम निराधार होतात. म्हणून योग्य ड्रायव्हर आधी हबवर आणून ठेवावा व मगच बदल करावा, हा क्रम श्रेयस्कर. क्रमांक टिकला तरी नव्या ड्रायव्हरने पूर्वीचा एखादा गुणधर्म मांडलाच नाही, तर त्यावर आधारलेला नियम निष्फळ होतो. तेव्हा प्रत्येक नियम स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे आहे.

‘स्थानिक’ या शब्दाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. एखादा नियम पूर्णतः हबवर चालावयाचा, तर त्यातील सर्व यंत्रे व कृती स्थानिक असाव्या लागतात. हवामानाच्या वार्तेची एक अट घातली, तरी परावलंबन परत येते. शिवाय एज ड्रायव्हरला घरातील जाळ्यापलीकडे थेट जाता येत नाही. सुरक्षिततेसाठी हे बंधन उपकारक आहे. परंतु ज्या यंत्राचा उत्पादक केवळ क्लाउडमधूनच सेवा देतो, त्याला या रचनेत थेट स्थान उरत नाही. ड्रायव्हर हबवर आणण्यासाठीही कंपनीचे खाते व सेवा लागतेच.

हा विवेक काल्पनिक भयातून आलेला नाही. रिव्हॉल्व्ह या हबची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा घरोघरचे सुस्थितीतील हब निरुपयोगी ठरले. एज रचनेने दैनंदिन व्यवहारातील परावलंबन पुष्कळ कमी केले. मालकीचा प्रश्न मात्र शिल्लक ठेवला. आज्ञा घरात चालू लागली, तरी ती चालविण्याची अनुज्ञा अद्याप बाहेरूनच येते. या दोन गोष्टींतील भेद ध्यानात ठेवूनच अशा स्थलांतराचे मूल्यमापन करणे युक्त होय.