डब्यातली बिअर आणि आंबोळीचं पीठ

पाकीट फोडून केलेले गुलाबजाम "घरीच केलेत हो" म्हणून पाहुण्यांना वाढताना परदेशातल्या मराठी घरांनी कधी संकोच केलेला नाही. ढोकळा पाकिटातला, इडली पाकिटातली, पुरणपोळीसुद्धा फ्रीजरमधली. मग बिअरच तेवढी डब्यातली का नसावी? हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आम्हाला पडला. आम्हाला म्हणजे डेल्फ्टमधल्या आम्हा दोघांना आणि राइसवाइकच्या एका मराठी जोडप्याला. निमित्त झालं वाढदिवसाचं. ऑफिसातल्या डच मित्रांनी भेट म्हणून एक जडशीळ पत्र्याचा डबा दिला होता.

डबा पावणेदोन किलोच्या आसपास. झाकण उघडलं तर आत काकवीसारखा घट्ट, तांबूस-काळा पाक. बोटावर घेऊन चाखला. आधी गोड लागला, मग जिभेच्या मुळाशी कडू. झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी आणि एक सूचनापत्रक. पाक गरम पाण्यात विरघळवा, एक किलो साखर घाला, गार पाणी ओतून तेवीस लिटर करा, यीस्ट भुरभुरा आणि झाकण लावा. उकळायची गरज नाही! आम्ही घड्याळ लावून काम केलं. बादली धुण्यापासून झाकण लावेपर्यंत चाळीस मिनिटं लागली. चकलीची भाजणी करायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता इंजिनिअरच्या घरात "उकळायची गरज नाही" असं कोणी लिहिलं की "का नाही?" हे विचारलं जाणारच. उत्तर सोपं आहे. उकळायचं काम आधीच कोणीतरी केलेलं असतं. बिअर करायची तर जव भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचं माल्ट करतात. ते भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. मग तो गोड रस हॉप्सची फुलं घालून तासभर खळाखळा उकळायचा. या उकळण्याने जंतू मरतात, नको ते वास वाफेबरोबर जातात, प्रथिनं गोळा होऊन खाली बसतात, आणि मुख्य म्हणजे हॉप्समधली आम्लं रूप बदलून पाण्यात उतरतात. बिअरचा कडूपणा तिथून येतो. कारखान्यात हे सगळं झाल्यावर निर्वातात, म्हणजे कमी तापमानाला, पाणी उडवून रस आटवतात आणि डब्यात भरतात. उसाचा रस आटवून काकवी करावी तसंच. आपण फक्त उडालेलं पाणी परत घालायचं.

हे पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. पाण्यात क्लोरिन असेल तर बिअरला औषधाच्या बाटलीचा वास येतो. त्यामुळे इतर अनेक देशांत किट वापरणारेसुद्धा पाणी उकळून किंवा गाळून घेतात. नेदरलँड्समध्ये ती कटकट नाही, कारण इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरिन घालतच नाहीत. १९७४ साली योहानेस रूक या रॉटरडॅमच्या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की पाण्यात क्लोरिन घातल्यावर क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. त्यानंतर डच पाणीवाल्यांनी हळूहळू क्लोरिनला रजा दिली. तेव्हा न उकळता बिअर करायला आपला हा देश अगदी सोयीचा!

तर झाकण लागलं आणि आम्ही बादलीकडे बघत बसलो. एक दिवस गेला, दोन गेले. झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून बुडबुडा काही येईना. २०२२ साली गॅसचे भाव भडकल्यापासून आमच्याकडे रात्री थर्मोस्टॅट पंधरावर असतो. यीस्ट बिचारं गारठून झोपलं होतं. इडलीचं पीठ इथल्या थंडीत जसं दगड होऊन बसतं, तसंच हे. मग जी जागा पिठासाठी वापरतो तीच दिली. माळ्यावर, हीटिंगच्या बॉयलरच्या बाजूला. दुसऱ्या सकाळी बादली 'गुडुक् गुडुक्' करू लागली. सुरुवातीला हायड्रोमीटर १.०३९ दाखवत होता, दहा दिवसांनी १.००८ वर थांबला. फरकाला १३१ ने गुणायचं. म्हणजे मद्यार्क चार टक्के.

चव? पिण्याजोगी, पण पातळ, किंचित सफरचंदाच्या आंबट सरबतासारखी. शेजारच्या डच आजोबांनी ग्लास संपवून "लेकर" म्हटलं, पण दुसरा मागितला नाही. दोष साखरेचा होता. नुसती साखर यीस्ट संपवून टाकतं, मागे अंग काही उरत नाही. तिच्याऐवजी माल्टची पावडर घालायची, हे आम्ही वहीत लिहून ठेवलं.

याच गावात अंतोनी व्हान लेव्हनहुकने १६८० साली आंबणाऱ्या बिअरचा थेंब आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात त्याला बारीक गोळे दिसले. ते जिवंत आहेत हे त्याला कळलं नव्हतं. यीस्टचं काम काय हे ठामपणे सांगायला पाश्चर यावा लागला, एकोणिसाव्या शतकात. तोवर डेल्फ्टने आणखी बरंच बघितलं. एकेकाळी इथे शंभरावर ब्रुअऱ्या होत्या. सतराव्या शतकात त्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या रिकाम्या इमारतींत मातीची भांडी करणारे शिरले. भारतात जाताना आपण जी निळी-पांढरी डेल्फ्टची बशी घेऊन जातो, तिचे पूर्वज असे ब्रुअरीच्या जागेत जन्मले.

मार्चमध्ये मालवणहून आजी आली, तीन महिन्यांसाठी. आणि इथे आम्ही एक चूक केली. आजीच्या धाकट्या भावाला दारूने नेलं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. त्यामुळे दुसऱ्या डब्याची बादली माळ्यावर चढली तेव्हा आम्ही तिला सांगितलं, "व्हिनेगर करतोय, लोणच्याला." दहा वर्षांच्या कन्येलाही बजावलं, आजीने विचारलं तर व्हिनेगर म्हणायचं. तिने मान डोलावली.

दुसरी चूक घाईची. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, कोनिंग्सदाख. त्या दिवशी राइसवाइकच्या मंडळींसह अंगणात स्वतःची बिअर प्यायची, असं ठरलेलं. सूचनापत्रकात लिहिलं होतं, सहा-सात दिवसांत बाटल्या भरा. रविवार सहाव्या दिवशी येत होता. बुडबुडे मंदावले होते. हायड्रोमीटर खालच्या मजल्यावरच्या खणात होता आणि कोणी जिना उतरलं नाही. लिटरला सहा ग्रॅम साखर मात्र तराजूवर मोजून घातली! झाकणाला तारेची कडी असलेल्या बिअरच्या बाटल्या पुरल्या नाहीत, म्हणून तशाच दिसणाऱ्या, सरबत-तेल ठेवायच्या शोभेच्या पाच-सहा बाटल्याही भरल्या. सगळं जिन्याखालच्या कपाटात गेलं, मुलीच्या बुटांशेजारी.

दहा दिवसांनी ऊन पडलं, घर तापलं. रात्री दोन वाजता मोठा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. एकतीस डिसेंबरच्या रात्री इथे फटाके वाजतात तसा. धावत खाली आलो तर कपाटाच्या दारातून फेस वाहत होता आणि आत एका बुटात बोटभर लांबीची काच उभी. शोभेच्या दोन बाटल्या फुटल्या होत्या. कोणाला लागलं नाही. सकाळी आठ वाजता फुटल्या असत्या तर बूट काढायला खाली वाकलेली कन्या तिथे असती. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

हिशेब नंतर मांडला. आंबणं संपायच्या आधीच बाटल्या भरल्या गेल्या होत्या. आकडा १.०२० च्या आसपास असावा, शेवट व्हायला हवा होता १.०१२ ला. म्हणजे तराजूवर मोजलेल्या साखरेच्या जवळजवळ तिप्पट साखर आधीच आत शिल्लक होती. यीस्टने ती खाल्ली, वायू झाला, त्याला वाट मिळाली नाही. बिअरच्या बाटलीची काच जाड असते, शोभेच्या बाटलीची तेवढी नसते. उरलेल्या बाटल्यांवर लगेच जाड घोंगडी टाकली, दार बंद ठेवलं, घर गार होऊ दिलं. दुसऱ्या रात्री चष्मे आणि जाड हातमोजे घालून एकेक टॉवेलात गुंडाळली आणि बाहेर नेऊन हळूच कडी सोडली. सगळी बिअर गटारात.

त्या रात्री आजी जिन्यावर उभी होती. फेसाचा वास घेऊन म्हणाली, "माडीचो वास माका कळणा नाय काय? पयल्या दिवसापासून ठावक हा." आम्ही खाली मान घातली. तिच्या लहानपणी मालवणात माडाची माडी सकाळी उतरवली की दुपारपर्यंत आपोआप आंबायची, ना उकळणं ना पुडी. गोव्यात पावाला आणि सान्नांना फुगवायला तीच लागायची. तिला आंबवण्याचं नवल नव्हतं. "पीठ फुगलां काय नाय तां बघल्याशिवाय कोण तवो ठेवता?" एवढंच ती त्या विषयावर बोलली.

राग दुसऱ्या गोष्टीचा होता, आणि तो सकाळी चहाच्या वेळी निघाला. भावाचं नाव आमच्या आठवणीत तिने पहिल्यांदा घेतलं. तोही घरात लपवूनच प्यायचा, म्हणाली. माळ्यावर, गवताच्या पेंढ्यांमागे. आणि घरातल्या पोरांना सांगून ठेवायचा, विचारलं तर मामा झोपलाय म्हणा. "तुम्ही पोरीला खोटं बोलायला लावलंत," ती म्हणाली. तेवढं बोलून ती कप विसळायला उठली. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मग दोन गोष्टी केल्या. कन्येची माफी मागितली, अगदी तिला समोर बसवून. आणि तिसरा डबा लावला तो उघड, बैठकीच्या खोलीत, आजीच्या डोळ्यांसमोर. आजीने त्याला हात लावला नाही आणि शाबासकीही दिली नाही. पण रोज सकाळी नातीबरोबर बुडबुडे मोजायची. यावेळी माल्टची पावडर घातली, तापमान एकोणीस-वीस अंश ठेवलं, आणि हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस १.०११ वर जसाच्या तसा राहिल्यावरच बाटल्या भरल्या. त्यालाच अठरा दिवस लागले. बाटलीत आणखी तीन आठवडे. तोवर आजी मालवणला परतली होती आणि राजाचा वाढदिवस कधीच होऊन गेला होता. बिअर छान झाली. दुकानातल्या चांगल्या बिअरइतकी नाही, पण पाकिटातल्या गुलाबजामइतकी नक्की. डच आजोबांनी दुसरा ग्लास मागितला.

तर आमचा निष्कर्ष असा. "न उकळता" हे शब्द खरे आहेत. "झटपट" हा शब्द पहिल्या चाळीस मिनिटांपुरताच खरा. पुढचं काम यीस्टचं आणि त्याला रविवार-सोमवार कळत नाही. ज्या घरात विरजण लागतं आणि आंबोळी फुगते, त्या घराला हे नवं नाही. भांडं स्वच्छ हवं, ऊब बेताची हवी, धीर हवा.

करून बघायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. पाक विरघळल्यानंतर ज्या ज्या वस्तूचा स्पर्श बिअरला होणार ती निर्जंतुक करायची, चमचासुद्धा. बाटल्या फक्त बिअरच्याच घ्यायच्या आणि बंद खोक्यात, मुलांपासून दूर ठेवायच्या. नेदरलँड्समध्ये स्वतःच्या घरात, स्वतःपुरती, न विकता बिअर करायला हरकत नाही. दारू गाळणं मात्र गुन्हा. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरचा परवाना १९६३ साली रद्द झाला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. पुण्यात २००९ पासून परवानाधारक मायक्रोब्रुअरी निघाल्या, पण घरच्या बादलीला परवानगी नाही. तेव्हा सुट्टीत जाताना भावजींसाठी डबा नेऊ नका. मुलांचं म्हणाल तर इथे २०१४ पासून वयाची अट अठरा आहे आणि आमच्या घरातही तीच.

आजी दर रविवारी फोनवर नातीला विचारते, "बादली लावली हा काय?" नात खरं ते सांगते.

आमचा हायड्रोमीटर आता माळ्यावर, बादलीच्या शेजारीच टांगलेला असतो. ज्यांना हवा त्यांनी खुशाल घेऊन जावा. डबा मात्र आपापला आणा!