पोलिसांना बोलवायचं कसं?

मार्च २०१३. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं समुद्रकाठचं ब्रूम गाव. जोडीदाराच्या मारहाणीत जबर जखमी झालेली एक आदिवासी तरुणी रस्त्यावर होती, अंगावर नुसती चादर. पोलीस आले. ती बिथरलेली होती, पोलिसांवर थुंकली. अटक झाली ती तिलाच. दरम्यान त्या पुरुषाने तिचं दहा महिन्यांचं बाळ उचलून नेलं. बाळाचे आजोबा पोलिसांच्या विनवण्या करत राहिले, शोध लागायला तासन्‌तास गेले. बाळ जिवंत सापडलं नाही. मारेकऱ्याला जन्मठेप झाली, पण आई आणि आजोबा यांच्यावरही पोलिसांशी झालेल्या झटापटीवरून गुन्हे लागले. राज्य सरकारने जाहीर माफी मागून दोघांना क्षमादान दिलं ते २०२२ साली.

हे एका गावापुरतं असतं तर वाईट पोलिसांची गोष्ट म्हणून सोडून देता आलं असतं. पण २०१४-१५ च्या सरकारी आकडेवारीनुसार घरगुती हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं आदिवासी स्त्रियांचं प्रमाण इतर स्त्रियांच्या ३२ पट होतं.   

मग इतका मार खाऊनही यातल्या कित्येक बाया पोलिसांत तक्रार का करत नाहीत? ‘अज्ञान’ हे उत्तर सोयीचं आहे, आणि खोटं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने आदिवासी मुलांचं पालकत्व आईबापांकडून काढून ‘मुख्य संरक्षक’ नावाच्या अधिकाऱ्याकडे दिलं. गावोगावी त्याचे हस्तक म्हणून पोलीस नेमले जात. मूल उचलून न्यायला दारात येणारा माणूस म्हणजे हाच पोलीस. १९१० ते १९७० या काळात दर दहांपैकी एक ते दर तिघांपैकी एक आदिवासी मूल असं नेलं गेलं, असा निष्कर्ष १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीने काढला. पंतप्रधान केव्हिन रड यांनी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. आज तान्हं मूल वाढवणाऱ्या कित्येकींच्या आज्या त्या नेलेल्या मुलांपैकी आहेत.

आणि मुलं नेणं थांबलेलं नाही. देशातल्या मुलांत आदिवासी मुलं सुमारे ६ टक्के. पण घराबाहेर, सरकारी देखरेखीखाली वाढणाऱ्यांत ती ४० टक्क्यांहून अधिक आहेत. यातली मेख अशी: मुलांच्या देखत आईला मारहाण झाली, तर ते मुलांवरचं संकट म्हणून नोंदलं जातं. मारतो बाप, आणि ‘मुलांचं रक्षण करण्यात कमी पडली’ असा शेरा बसतो आईच्या नावावर. न्यू साउथ वेल्समध्ये प्राध्यापक मेगन डेव्हिस यांच्या समितीने १,१४४ आदिवासी मुलांच्या फायली तपासल्या. २०१९ च्या त्या अहवालात प्रसूतिगृहातूनच नेलेल्या बाळांच्या हकिगती आहेत. बाळंतिणीच्या खाटेजवळून मूल नेण्याला मी तरी संरक्षण म्हणणार नाही.

नॉर्दर्न टेरिटरीत तर २००९ पासून घरगुती हिंसेतून गंभीर इजा झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर बंधनकारक आहे. हेतू चांगलाच. परंतु दवाखान्यात नर्सपाशी मन मोकळं केलं तरी बातमी पोलिसांपर्यंत जाणार हे ठाऊक असलेली बाई जखम पदराआड ठेवून घरीच राहते. २००७ मध्ये मुलांना वाचवायचं म्हणून केंद्र सरकारने याच प्रदेशात सैन्य पाठवलं आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला, हेही तिथल्या आया विसरलेल्या नाहीत. तिथल्या चार आदिवासी स्त्रियांच्या हत्यांची चौकशी करून मृत्युचौकशी न्यायाधीश एलिझाबेथ आर्मिटेज यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ३५ शिफारशी केल्या. त्या चौघींपैकी एक स्वतः अॅलिस स्प्रिंग्जच्या वस्त्यांत हिंसेविरुद्ध काम करणारी कार्यकर्ती होती. जोडीदाराने तिच्या अंगावर गाडी घातली, तीही रुग्णालयाबाहेर.

उपाय शोधायला लांब जायला नको. ती कार्यकर्ती ज्या ‘टँगनटायरा’ महिला गटात होती, तो गट वस्तीतल्याच बायांचा आहे. नातवंडं परत मिळावीत म्हणून न्यू साउथ वेल्समधल्या गनडा गावच्या आज्यांनी २०१४ मध्ये आंदोलन उभं केलं. या बायांपाशी गणवेश नाही, मूल नेण्याचा अधिकार नाही. म्हणूनच रात्री-बेरात्री मार खाल्लेली आई त्यांचं दार वाजवू शकते. पैसा आधी अशा दारांपर्यंत पोचायला हवा.

आदिवासी आणि इतरांमधली दरी कमी करण्यासाठी झालेल्या २०२० च्या राष्ट्रीय करारात सरकारने दोन शब्द दिले आहेत. २०३१ पर्यंत सरकारी देखरेखीतल्या आदिवासी मुलांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटवायचं, आणि आदिवासी स्त्रिया-मुलांवरची हिंसा निम्म्यावर आणायची. पहिल्या बाबतीत आकडे उलट चढले आहेत. ते उतरत नाहीत तोवर दुसरा शब्दही सरकारला पाळता येणार नाही. कारण तोवर ती आई पोलिसांना फोन करणार नाही.