केबिन क्रूचा थकवा आणि आपली सुरक्षा

सातारा, कराड, मिरज, सांगली या भागातून उमऱ्याला किंवा नोकरीसाठी आखाती देशांत जाणारी माणसे आता बहुतेक मोहल्ल्यांत आहेत. निघण्याआधी घरात तिकिटाची, बॅगांच्या वजनाची, मुंबईपर्यंतच्या गाडीची चर्चा होते. विमानात आपला जीव कोणाच्या हाती असतो, हे विचारले तर सगळे सांगतात, 'पायलटच्या.' हे उत्तर अर्धेच आहे. विमानाला आग लागली, तर आपल्याला बाहेर काढण्याचे काम केबिन क्रूचे असते. आपण त्यांना हवाई सुंदरी म्हणतो, चहा-पाणी मागतो आणि विसरून जातो.

विमानात केबिन क्रू किती असावा, हे जेवणाच्या ताटांवरून ठरत नाही. साधारण 50 आसनांमागे एक कर्मचारी, असा सुरक्षेचा नियम आहे. अर्धी दारे बंद असली तरी 90 सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडू शकतात, हे मोठ्या प्रवासी विमानाच्या बाबतीत आधी सिद्ध करावे लागते. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटले. घोषणेची यंत्रणा बंद पडली होती आणि आठपैकी तीनच दारे वापरता आली. केबिन क्रूने ओरडून, हातातल्या भोंग्यावरून सूचना देत लोकांना बाहेर काढले. त्या विमानातले सर्व 379 जण वाचले.

असे काम करणारा माणूस थकलेला असेल तर? या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची मोठी चिंता हीच आहे. रात्रीची उड्डाणे, उशिरा सुटलेली विमाने, आज एका देशात तर उद्या दुसऱ्या, यांमुळे झोपेचे गणित बिघडते. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची मर्यादा ठरवते. पण कागदावरची विश्रांती आणि खरी झोप यांत फरक असतो. 2024 मध्ये एअर इंडियाने बाहेरगावच्या मुक्कामात केबिन क्रूपैकी अनेकांनी दोघांत एक खोली वापरावी, असे धोरण आणले. तेव्हा ऑल इंडिया केबिन क्रू असोसिएशनने श्रम मंत्रालयाकडे हरकत घेतली. बाहेरून पाहणाऱ्याला हा सोयीचा वाद वाटेल. पण दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या असल्या की एकाच्या गजराने दुसऱ्याची झोप मोडते. त्याच वर्षी मार्चमध्ये कामाचे तास आणि थकवा यांबाबतचे नियम मोडल्याबद्दल डीजीसीएने एअर इंडियाला 80 लाख रुपये दंड केला होता.

थकवा काय करू शकतो, हे मंगळूरने दाखवले आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि 158 जणांचा जीव गेला. मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच वेळ झोपलेला होता आणि जागा झाल्यावरही पुरता सावध नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. उतरणे थांबवून विमान पुन्हा वर घ्या, असे सहवैमानिक सांगत होता. ते ऐकले गेले नाही.

इथेच दुसरा प्रश्न येतो. हाताखालच्या माणसाने धोका पाहिला, तर तो बोलू शकतो का? कॅनडात ड्रायडन येथे 10 मार्च 1989 रोजी एक विमान उड्डाण करताच कोसळले. 69 पैकी 24 जण गेले. पंखांवर बर्फ साचलेला केबिन क्रूमधल्या एका महिलेने पाहिला होता. पण वैमानिकांना असे सांगितलेले आवडत नाही, असा समज असल्याने ती बोलली नाही. आपल्याकडेही जून 2025 मध्ये एअर इंडियाच्या दोन माजी केबिन कर्मचाऱ्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. मे 2024 मध्ये मुंबईहून लंडनला गेलेल्या विमानाच्या दारातील बिघाडाबाबत आपला जबाब बदलला नाही म्हणून नोकरी गेली, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने आरोप फेटाळले. कोण खरे, हे निःपक्ष चौकशीनेच ठरेल. पण धोका सांगणाऱ्याला नोकरीची भीती वाटत राहिली, तर पुढचा माणूस गप्प बसेल. त्या गप्प बसण्याची किंमत प्रवासी मोजतील.

शाळेत बारावीच्या मुली या नोकरीबद्दल आता मोकळेपणाने विचारतात. काही पालकांना पोशाखाची काळजी वाटते, काहींना पगाराचे आकर्षण असते. दोन्ही विषय बोलायला हरकत नाही. पण त्यासोबत हेही विचारा: आठवड्यात सलग विश्रांती किती? रात्रीच्या ड्युटीनंतर घरी पोहोचवण्याची सोय आहे का? तक्रार कोणाकडे करायची? खासगी संस्थेत मोठी फी भरण्याआधी एवढे लक्षात ठेवा, की निवड झाल्यावर सुरक्षेचे प्रशिक्षण विमान कंपनीच देते.

आणि प्रवासी म्हणून आपणही काही करू शकतो. सूचना सुरू असताना फोन खाली ठेवा. जवळचे दार किती रांगा पुढे किंवा मागे आहे, ते मोजा. जिद्दाहला थेट जाणार असाल तर एहरामचे कपडे मुंबईतच घाला. मीकातची घोषणा झाली की नियत जागेवर बसून करता येते, बेल्ट सोडून शौचालयापुढे रांग लावावी लागत नाही. 3 ऑगस्ट 2016 रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला पोहोचलेले विमान धावपट्टीवर पेटले, तेव्हा काही जण वरच्या कप्प्यातून बॅगा काढत होते. 300 जण वाचले, पण एक अग्निशमन जवान त्या दिवशी गेला. 'सामान सोडा' असे सांगणारी मुलगी आपला अपमान करत नसते. घरातल्या ज्येष्ठांना हे निघण्याआधीच समजावून सांगा. विमानात तेवढा वेळ मिळेलच असे नाही.