पडदा काळा पडू नये म्हणून

लंडन येथे २० एप्रिल १९६४ रोजी सायंकाळी बीबीसीच्या दुसऱ्या दूरचित्रवाणी वाहिनीचा शुभारंभ व्हावयाचा होता. ‘किस मी केट’ ही संगीतिका सादर होणार होती, आतषबाजीचाही बेत होता. परंतु सातच्या सुमारास बॅटरसी येथील वीजकेंद्रात आग लागली आणि पश्चिम लंडनचा मोठा भाग अंधारात बुडाला. ज्या टेलिव्हिजन सेंटरमधून हा सोहळा प्रक्षेपित व्हावयाचा, ते नेमके त्याच भागात होते. उत्तर लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस या जुन्या केंद्राची वीज मात्र शाबूत होती. तेथून जेराल्ड प्रीस्टलंड यांनी बातम्या सांगितल्या व प्रेक्षकांकडे दिलगिरी व्यक्त केली. सोहळा राहिलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता ‘प्ले स्कूल’ या बालकांच्या कार्यक्रमाने वाहिनीचे नियमित प्रसारण सुरू झाले, आणि त्या सायंकाळी निवेदक डेनिस टूही यांनी पडद्यावर मेणबत्ती फुंकून आदल्या रात्रीची थट्टा केली.

संस्था मोठी होती, म्हणून तिला थट्टा परवडली. लहान वाहिनीची गोष्ट निराळी असते. पणजी, बेळगाव, इंदूर अशा शहरांतून केबलच्या जाळ्यावर चालणाऱ्या स्थानिक वाहिन्यांपाशी ना दुसरे केंद्र असते, ना मोठा निधी. पडदा पाच मिनिटे काळा राहिला की प्रेक्षक दुसरीकडे वळतो. अर्धा तास राहिला की जाहिरातदार बिल अडवून धरतो. पुराच्या वा वादळाच्या रात्री आपल्या गावाचे काय झाले हे ज्या एका पडद्यावर कळावयाचे, तोच काळा पडला तर नुकसान केवळ पैशांचे राहत नाही. म्हणून राखीव प्रसारणव्यवस्था हा श्रीमंत संस्थांचा चोचला नव्हे. प्रश्न एवढाच की, ती स्वस्तात उभी राहू शकते काय, आणि स्वस्तात उभारलेली व्यवस्था ऐन वेळी उपयोगी पडते काय?

आधी हे प्रसारण कसे चालते ते पाहिले पाहिजे. कार्यक्रम, जाहिराती, कोपऱ्यातील बोधचिन्ह, खालून सरकणारी बातम्यांची पट्टी हे सर्व जेथे एका धाग्यात ओवले जाते, त्या कामास या व्यवसायात ‘प्लेआऊट’ म्हणतात. पूर्वी हे काम माणसांच्या हातांनी होई. एकजण फिती चढवी, दुसरा घड्याळाकडे पाहून कळ दाबी. आता कार्यक्रमांच्या फाइली सर्व्हरवर साठविलेल्या असतात आणि दिवसभराचा क्रम एका यादीत लिहिलेला असतो. आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे पडद्यावर येतात, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद. यादी त्या चित्राच्या हिशेबाने पुढे सरकते. एखादी फाइल सदोष निघाली, सर्व्हरची डिस्क बिघडली, आज्ञावली मध्येच गोठली, किंवा वीज गेली, की हा धागा तुटतो. पुढे उपग्रहाकडे वा केबलकडे जाणारी यंत्रे धडधाकट असतात. त्यांना पाठवावयास चित्रच उरत नाही.

यावर उपाय म्हणजे दुसरी यंत्रणा. ती पहिलीइतकीच किमती असावी, असा समज पूर्वी होता, आणि यंत्रे विकणाऱ्यांनी तो मोडण्याची घाई केली नाही. परंतु साधे अंकगणित वेगळे सांगते. समजा, एक सामान्य यंत्रणा शंभरातील ९९ भाग वेळ नीट चालते. वर्षाचे ८,७६० तास. त्यांतील एक टक्का, म्हणजे सुमारे ८८ तास ती बंद राहणार. कोणत्याही वाहिनीस हे चालण्यासारखे नाही. मात्र तशीच दुसरी सामान्य यंत्रणा शेजारी उभी केली, आणि दोहोंच्या बिघाडांचा एकमेकांशी काही संबंध नसला, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ त्या ८८ तासांचा शंभरावा भाग, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ५३ मिनिटे एवढाच उरतो. दोन सामान्य यंत्रे मिळून एका असामान्य यंत्राचे काम करतात, ते असे.

या हिशेबात एक शब्द मात्र फसवा आहे, आणि तो म्हणजे ‘शेजारी’. दोन्ही यंत्रणा एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर, एकाच वातानुकूलकाच्या गारव्यात असल्या, तर त्यांच्या बिघाडांचा संबंध नाही असे म्हणता येत नाही. १९६४ साली अलेक्झांड्रा पॅलेस उपयोगी पडले, ते त्याची यंत्रे भारी होती म्हणून नव्हे, तर ते दुसरीकडे होते म्हणून.

याचे अलीकडचे आणि अधिक बोचरे उदाहरणही लंडनचेच आहे. २५ सप्टेंबर २०२१ रोजी रेड बी मीडिया या संस्थेच्या प्रसारणकेंद्रात आग विझविणारी वायुयंत्रणा कार्यान्वित झाली. अशा यंत्रणेत दाबाखाली साठविलेला वायू क्षणार्धात खोलीत सोडला जातो, आणि त्या वेळी होणारा आवाज प्रचंड असतो. हार्ड डिस्कमधील वाचकटोक फिरत्या तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. आवाजाच्या धक्क्याने ते थरथरले की डिस्क निकामी होऊ शकते. रुमेनियातील बुखारेस्ट येथे २०१६ साली एका बँकेच्या संगणककेंद्रात अग्निशमनाची चाचणी घेताना असेच घडले होते. लंडनमध्येही सर्व्हर बंद पडले, आणि त्या केंद्रातून चालणाऱ्या अनेक वाहिन्यांना एकाच वेळी फटका बसला.

चित्र यथावकाश परत आले. चॅनेल ४ ची उपशीर्षके, अंध प्रेक्षकांसाठी असलेले दृश्यांचे वर्णन आणि कर्णबधिरांसाठी असलेली खुणांची भाषा मात्र परतली नाही. या सेवांसाठी राखीव व्यवस्था होती. तीही चालली नाही. वाहिनीला नवी व्यवस्था उभारावी लागली आणि सर्व सुरळीत होईपर्यंत नोव्हेंबरचा मध्य उलटून गेला. ऑफकॉम या ब्रिटिश नियामक संस्थेने २०२२ साली वाहिनीने उपशीर्षकांविषयीच्या अटीचा भंग केल्याचा निर्णय दिला. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांस जो बिघाड एका संध्याकाळचा वाटला, तो न ऐकू येणाऱ्यांस दोन महिन्यांच्या घरात पुरला. राखीव यंत्रणेचा विचार करताना ‘चित्र दिसले की झाले’ ही वृत्ती किती अपुरी आहे, हे येथे दिसते.

आता स्वस्त व्यवस्था म्हणजे प्रत्यक्षात काय? बाजारात मिळणारा एक बऱ्यापैकी संगणक, त्यातून प्रसारणयोग्य चित्रसंकेत बाहेर काढणारे एक कार्ड, आणि फाइली यादीप्रमाणे वाजविणारी आज्ञावली. अशी एक आज्ञावली स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने, म्हणजे एसव्हीटीने, स्वतःच्या गरजेसाठी घडविली. ‘कॅस्पर-सीजी’ हे तिचे नाव. २००६ पासून ती अखंड प्रसारणात वापरली जात आहे, आणि पुढे एसव्हीटीने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. विनामूल्य असली तरी ती जाणणारा एक माणूस पदरी असावा लागतो. त्याचा पगार हिशेबात न धरता ‘फुकट’ हा शब्द उच्चारू नये. साठवणुकीची अडचण तर आज उरलेलीच नाही. सेकंदास ५० मेगाबिट या दराने नोंदलेल्या चित्राच्या एका तासास साडेबावीस गिगाबाइट जागा लागते. अहोरात्रीचे २४ तास ५४० गिगाबाइटमध्ये बसतात. बाजारातील एका साध्या डिस्कवर पूर्ण दिवसाचे प्रसारण मावते.

राखीव यंत्रणेने मुख्य यंत्रणेचे सर्वच काम करावे, असा आग्रह धरला की खर्च वाढतो. अगदी खालच्या पायरीवर वाहिनीच्या नावाची एक स्थिर पाटी व मंद संगीत एवढेही पुरते. निदान प्रेक्षकास आपला संच बिघडला असे वाटत नाही. त्याच्या वर, पुन:पुन्हा फिरणारी काही तासांची कार्यक्रममाला. ही निवडताना फार सावध असावे लागते. तीत ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द नकोत, सणाच्या शुभेच्छा नकोत; नाही तर ऐन पावसाळ्यात वाहिनी दीपावलीचे अभीष्टचिंतन करू लागते. ज्या चित्रपटाच्या पुनःप्रसारणाचे हक्क संपले आहेत तोही नको. त्याहून वरची पायरी म्हणजे मुख्य यादीबरोबर समांतर चालणारी यादी. तिच्यामुळे जाहिरातीही चुकत नाहीत. पण येथे एक खोच आहे. मुख्य यादीत चूक असली, तर तीच चूक इमानेइतबारे राखीव यंत्रणेत उतरते. म्हणून यादी तपासल्यावाचून तिकडे जाऊ नये, आणि दोन्ही यंत्रांवरील आज्ञावलीची नवी आवृत्ती एकाच दिवशी चढवू नये. हे दोन्ही नियम पाळावयास एक पैसाही लागत नाही, आणि तरी तेच प्रथम मोडले जातात.

दोन यंत्रणांतून एकच संकेत पुढे जावयाचा, तेव्हा मध्ये एक बदलाचा स्विच हवा. दोन्ही वाटा येथे एकत्र येतात. हाच स्विच बिघडला तर दोन यंत्रणा असून नसल्यासारख्या. म्हणून तो साधा असावा. त्यात यांत्रिक रिले असेल तर स्विचचीच वीज गेली तरी रिलेचा पाता आपोआप एका ठरलेल्या बाजूस पडतो आणि चित्र चालू राहते. ती बाजू कोणती ते आधी ठरवून, खूण करून ठेवावे लागते. चित्र काळे पडल्याचे वा आवाज थांबल्याचे ओळखून आपोआप बदल करणारे स्विचही मिळतात. सोय चांगली, परंतु चित्रपटात काळोखी प्रसंग असतात आणि श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात शांतता असते, हे यंत्रास कोण समजावणार? त्यास काही सेकंद थांबण्याची सूचना देऊन ठेवावी आणि शेवटचा अधिकार हाताच्या कळीकडे राखावा, हे बरे.

हाताच्या कळीचे महत्त्व फ्रान्सने २०१५ साली अनुभवले. ८ एप्रिलच्या रात्री टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीसमूहाचे सर्व पडदे काळे झाले. कारण वीज नव्हती, आग नव्हती. संगणकांच्या जाळ्यातून शिरलेल्या हल्लेखोरांनी प्रसारणाचे नियंत्रण करणारी यंत्रेच नासविली होती. ते कित्येक आठवडे आधी आत शिरून व्यवस्थेची पाहणी करीत होते, आणि स्टुडिओतील दूरनियंत्रित कॅमेरे पुरविणारी एक बाहेरची संस्था हा त्यांच्या प्रवेशाच्या मार्गांपैकी एक मार्ग होता. सुदैवाने त्याच दिवशी समूहाची एक नवी वाहिनी सुरू झालेली असल्याने तंत्रज्ञ जागेवर होते. त्यांच्यापैकी एकाने हल्ला ज्या यंत्रातून चालला होता ते हुडकून त्याची तारच उपटली. पहाटे साडेपाचच्या सुमारास एक वाहिनी पूर्ववत झाली. पहिल्या वर्षीच सुमारे ५० लाख युरोंचा भुर्दंड पडला.

यातून स्वस्त व्यवस्थेस एक फायदा आपसूक मिळतो. ती लहान असते, म्हणून तिला कार्यालयाच्या जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवता येते. फाइली तपासून, हाताने, एकाच दिशेने तिच्यात आणाव्यात. तिला टपाल नको, इंटरनेट नको. घरी बसून भ्रमणध्वनीवरून प्रसारण सांभाळण्याची सोय मोह पाडणारी खरी, पण ज्या दाराने मालक आत येतो त्याच दाराने चोरही येतो. राखीव यंत्रणेस तरी ते दार नसावे.

जागेचे म्हणाल, तर प्रत्येक वाहिनीस दुसरे केंद्र कोठून परवडणार? परंतु दुसरी खोली परवडते, दुसरा यूपीएस परवडतो, विजेची निराळी जोडणी परवडते. कोकणपट्टीत व गोव्यात पावसाळ्यातील विजांचा कडकडाट पाहता, दोन्ही यंत्रणांच्या तारा एकाच मार्गाने नेणे म्हणजे एकाच तडाख्यात दोन्ही गमावण्याची तजवीज करण्यासारखे आहे. केबलचालकाच्या कार्यालयातच राखीव संगणक ठेवला, तर वाहिनीपासून तेथवरची तार तुटली तरी पडदा काळा पडत नाही. दोन परिचित माणसांच्या करारावर ही व्यवस्था होऊ शकते.

उरते ती तालीम. कपाटाआड वर्षभर धूळ खात पडलेल्या यंत्राविषयी ते चालेल असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. महिन्यातून एकदा, मध्यरात्रीनंतर प्रेक्षक थोडे असताना, पंधरा मिनिटे प्रसारण खरोखरीच राखीव यंत्रणेवर न्यावे लागते. तेही मुख्य तंत्रज्ञाने नव्हे, तर रात्रपाळीस एकट्या असणाऱ्या कनिष्ठ माणसाने, भिंतीवर लावलेल्या सूचना वाचून. बहुधा पहिल्या खेपेस आवाज एका बाजूनेच येतो, नाही तर उपशीर्षके उमटत नाहीत, किंवा भिंतीवरच्या कागदात लिहिलेली कळ यंत्रावर सापडतच नाही. मग कागद दुरुस्त होतो, वेळ नोंदवहीत लिहिली जाते, आणि पुढील महिन्यात तीच तालीम दुसऱ्या माणसाकडून करवून घेतली जाते.