संत्र्याचा वास आणि मशीनची घाई

कळमन्याच्या बाजारातलं संत्रं सोललं की घमघमाट सुटतो. त्यात मोठा वाटा लिमोनीनचा, पण सोबत इतरही बरीच द्रव्यं असतात. ती वेगळी करायला गॅस क्रोमॅटोग्राफीत कॅपिलरी, म्हणजे बारीक पोकळ नळी वापरतात. साधारण 30 मीटर लांब, आतून 0.25 मिलिमीटर. वायूसोबत प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगाने सरकतं आणि शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर त्याची ओळख पटवतो. यात अर्धा तास सहज जातो. कीटकनाशकांचे अंश तपासायचे असतील तर रिपोर्टसाठी माल अडतो, आणि संत्रं काही थांबत नाही!

मग नळी नुसती कापायची का? नाही, द्रव्यं एकत्रच बाहेर पडतील. पण 0.1 मिलिमीटरची 10 मीटर नळी घेतली, तर वेगळं करण्याची ताकद जवळपास तेवढीच राहते. (मुलांना लांबी भागिले व्यास करायला लावा: 1,20,000 आणि 1,00,000.) हेलियमऐवजी हायड्रोजन वापरला तर वेळ आणखी वाचतो, फक्त तो पेट घेतो हे विसरायचं नाही.

खरी गोम पुढेच आहे. बारीक नळीत नमुना कमी मावतो, त्यामुळे अगदी थोडा अंश असेल तर निसटू शकतो. शिवाय आलेखावरचं शिखर एका सेकंदात येऊन गेलं, तर तेवढ्यात दहाएक मोजण्या व्हायला हव्यात. मास स्पेक्ट्रोमीटर संथ असला, की द्रव्य ओळखू येतं, पण किती आहे ते चुकतं.