नहपानाच्या नाकावर सातवाहनांची टेकडी

पेढ्यावर एक छाप उठलेला असताना त्यावरच दुसरा साचा दाबून पाहा. मधोमध नवी नक्षी येते, पण कडेला जुन्या फुलाची एखादी पाकळी उरतेच. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या चांदीच्या नाण्यांचं नेमकं असंच झालंय.

नाणी तेरा हजारांच्या वर. सगळी मुळात क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची: एका बाजूला त्याचा चेहरा, दुसरीकडे बाण आणि वज्र. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे. राजाच्या गालावर तीन कमानींची टेकडी, खाली नागमोडी रेघ, भोवती ब्राह्मी अक्षरांत विजेत्याचं नाव. काही नाण्यांवर टेकडीच्या आडून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

ते का उरलं, याचं उत्तर धातूच्या स्वभावात आहे. ठशाचा जो भाग उंच, तो चांदीला दाबून सपाट करतो. जिथे ठसा खोलगट असतो किंवा घाव तिरका बसतो, तिथे दाब कमी पडतो आणि जुना उठाव वाचतो. शिवाय एकदा ठोकलेली चांदी कडक झालेली असते. ती भट्टीत तापवली की पुन्हा मऊ होते, पण तापवल्याने चेहरा काही पुसला जात नाही.

मग सरळ वितळवायचीच का नाहीत? वितळवायची म्हणजे कोळसा आला, मुशी आल्या, पुन्हा एकेक चकती तोलणं आलं. इथे वजनाची चकती आयती तयार, एक घाव घातला की काम झालं. शिवाय माझ्या मते, पुसट दिसणारा पराभूत चेहरा राजाला हवाच असणार.

हा नहपान कुठला? त्याचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो, आणि शकांचा माग मध्य आशियात जातो. ते तिथून का हलले, हे शोधायला चीनच्या पश्चिम सीमेवर जावं लागतं. तिथलं छिन हे सीमेवरचं राज्य शेजारच्या रोंग टोळ्यांना गिळत वाढलं. इ.स.पू. २७२ मध्ये त्याने यीछू रोंगांचं राज्य संपवलं, आणि २१५ मध्ये त्याचा सेनापती मंग थियेनने श्योंगनू या भटक्या लोकांना ओर्दोसच्या कुरणांतून हाकललं. पुढे श्योंगनूंनी शेजारच्या युएझी लोकांना पश्चिमेकडे रेटलं, युएझींनी शकांना. या साखळीच्या सगळ्या कड्या सारख्या घट्ट नाहीत, पण धक्क्याची दिशा तीच.

जिंकलेल्यांच्या नाण्यांचं काय करायचं, याचं छिनचं उत्तर मात्र वेगळं होतं. त्याने इ.स.पू. २२१ मध्ये जिंकलेल्या राज्यांची चाकूच्या आणि फावड्याच्या आकाराची नाणी बाद करून चौकोनी भोकाचं एकच गोल नाणं लागू केलं. सातवाहनांनी उलट शत्रूचंच नाणं चालवलं. आणि उरलेली एक तृतीयांश नाणी तर कोरी, म्हणजे ठशाविना, याच साठ्यात पडून होती. दोन्ही एकत्र चालत होती, असं यातून मला वाटतं.

सातवाहनांनी नाण्यांच्या बाबतीत केलं, तेच जमिनीच्या बाबतीत. नवी मुंबईतून पनवेलमार्गे बोरघाट चढलो, की वर कार्ल्याची लेणी लागतात. तिथल्या भिक्षूंना करजिक गाव दान दिल्याचा उषवदाताचा लेख भिंतीवर आहे. त्याच लेण्यात सातवाहनांचा मामाळच्या, म्हणजे मावळच्या, अधिकाऱ्याला हुकूमही कोरलेला आहे: करजक गाव भिक्षूंना द्यावं. गाव तेच, भिक्षू तिथलेच, देणारा बदललेला. नाशिकच्या पांडवलेण्यांतही तेच. पूर्वी उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत गौतमीपुत्राने तिथल्या भिक्षूंना दिलं. हुकमात जुन्या मालकाचं नाव गाळलेलं नाही. शेत ओळखायचं कसं, म्हणून ते ठेवावं लागलं असणार.