नकाशातील न दिसणाऱ्या नोंदी

रायपूर हे जुन्या तलावांचे शहर आहे. विवेकानंद सरोवर ह्या नावानेही ओळखला जाणारा बूढा तालाब, तसेच तेलीबांधा तालाब, हे नकाशावर निळ्या आकृतींनी दाखविता येतात. परंतु तलाव किती खोल आहे, त्यातील गाळ कोणत्या वर्षी काढला, हे निळा रंग सांगू शकत नाही. अशी माहिती नकाशाला कशी जोडतात व पुन्हा कशी वाचतात, ते आपण पाहू.

पारदर्शक कागदावरील आकृती मूळ नकाशावर ठेवावी, त्याप्रमाणे संगणकातही नकाशावर माहितीचा निराळा थर पसरता येतो. हा थर साठविण्याची एक रूढ पद्धती म्हणजे केएमएल होय. २००८ साली ‘ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियम’ ह्या संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली.

केएमएल फाइल म्हणजे वस्तुतः खुणांनी विभागलेला साधा मजकूर असतो. प्रत्येक स्थळासाठी ‘प्लेसमार्क’ नावाचा एक कप्पा असतो. त्यात स्थळाचे नाव व आकृती यांखेरीज ‘एक्स्टेंडेड डेटा’ हा आणखी एक कप्पा ठेवता येतो. नोंद करणाऱ्याने स्वतः ठरविलेली नावे, उदाहरणार्थ ‘खोली’, आणि त्यांची मूल्ये ह्या कप्प्यात राहतात.

ही मूल्ये वाचण्याचे काम जावास्क्रिप्ट ह्या संगणकभाषेत करता येते. प्रथम ‘डॉमपार्सर’ हे साधन सर्व मजकुराची शाखा-उपशाखांच्या वृक्षासारखी मांडणी करते. त्यानंतर आज्ञावली प्रत्येक ‘प्लेसमार्क’मध्ये जाऊन ‘डेटा’ ही खूण शोधते, तिचे नाव पाहते व तिच्या पोटातील ‘व्हॅल्यू’ उचलते. नाव तंतोतंत जुळले पाहिजे. ‘खोली’ असे लिहून ‘गहराई’ शोधल्यास काहीच हाती लागत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अशा रीतीने उचललेले मूल्य संख्या नसून अक्षरे असतात. अक्षरे म्हणून तुलना केली, तर शब्दकोशातील क्रमाप्रमाणे १० हे ९ च्या आधी येते. म्हणून मूल्याचे संख्येत रूपांतर करावे लागते. ‘नंबर’ ही क्रिया त्यासाठी आहे; मात्र तिला देवनागरी अंक कळत नाहीत, आणि रिकाम्या जागेचे उत्तर ती शून्य असे देते.

समजा, एखाद्या तलावाची खोली अद्याप मोजलेलीच नाही व तेथे जागा कोरी सोडली आहे. आज्ञावलीने ती न तपासता रूपांतर केले, तर त्या तलावाची खोली शून्य ठरेल. पाण्याने भरलेला तलाव नकाशात बुजलेला दिसेल, आणि त्या नकाशावरून नियोजन करणारा मनुष्य तेथे मोकळी जमीन आहे असे समजेल. यास्तव मूल्य आहे की नाही, हे आधी पाहावे व मगच ते मोजावे. ‘ठाऊक नाही’ आणि ‘शून्य’ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.